हलगी देवळाबाहेर

आमच्या मंडळीत मिशनरी साहेबांपेक्षा कडक माणूस एकच होऊन गेला, आणि तो एके काळी मरीआईपुढे हलगी बडवणारा होता.

गोष्ट आजोबांनी सांगितलेली. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर. पाळक दुसऱ्या गावी गेले असले की रविवारचा उपदेशही तेच करायचे. १८७६ ते ७८च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात वस्त्याच्या वस्त्या ख्रिस्ती झाल्या, त्यांतलं आमचं घर. आजोबांच्या उमेदीच्या काळात पहिल्या पिढीतले जे दोन-चार म्हातारे काठी टेकत देवळात, म्हणजे चर्चमध्ये, येत, त्यांतले हे एक. सगळी मंडळी त्यांना थोरले तात्या म्हणे. तात्यांना अक्षरओळख नव्हती. पण कुणी काही नवं काढलं की ते काठी आपटून विचारायचे, "ह्ये पुस्तकात कुठं हाय? वाच, मास्तर." आणि मास्तरांना वाचून दाखवावं लागे.

एका वर्षी कापणीचा सण आला. ज्वारीची कणसं, बाजरी, भोपळे, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या असं सगळं प्रभुभोजनाच्या मेजापुढे मांडायचं, उपासना झाली की बाहेर त्याचा लिलाव करायचा आणि पैसे मंडळीच्या पेटीत टाकायचे, ही आमच्याकडची रीत. त्या वर्षी साहेब नवा होता, तरुण होता, आणि त्याला देशी गोष्टींची भारी हौस. साहेब म्हणाला, पीक मिरवत आणू या, पुढे हलगी असू द्या, ते तुमचं वाद्य आहे. पोरं काय, एका पायावर तयार. कुणीतरी हलगी शेकोटीवर धरून तापवलीसुद्धा.

तात्या उठले. "साहेब, तुमास्नी ती नुसती वाजताना ऐकू येती. मला तिच्यासंगं रेडा ऐकू येतो."

पटकीची साथ आली की मरीआईपुढे रेडा पडायचा आणि तो पडेपर्यंत हलगी थांबायची नाही. तात्यांच्या हातांनी ती वाजवली होती. आजोबांनी साहेबाच्या बाजूने स्तोत्रसंहितेतलं शेवटचं, दीडशेवं स्तोत्र काढलं. त्यात डफ आहे, झांजा आहेत, तारेची वाद्यं आहेत, नाचही आहे. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्या डफापुढं कुणी रेडा कापला नव्हता. आता दुसरं वाच." दुसरं म्हणजे करिंथकरांस पहिल्या पत्राचा आठवा अध्याय. मूर्ती काही नाही, तिला दाखवलेलं मांसही नुसतं मांस, खाल्ल्याने कुणी बाटत नाही, हे पौल आधी कबूल करतो. आणि मग म्हणतो की माझ्या खाण्याने ज्याला जुनी सवय आहे असा भाऊ अडखळणार असेल तर मी मांस कधीच खाणार नाही. तात्यांनी तो अध्याय इतक्या वेळा ऐकला होता की आजोबा वाचताना अडले तर ते पुढचा शब्द पुरवत.

हलगी देवळाबाहेर राहिली. तात्या होते तोवर कुणी पुन्हा तो विषय काढला नाही. ते गेल्यावर काढला, तेव्हा वस्तीत हलगी वाजवणारा हातच उरला नव्हता. पोरं पेटी-तबल्यावर बसली होती.

लहानपणी मला यात साहेब उदार आणि तात्या कर्मठ वाटायचे. आता तसं वाटत नाही. साहेबाला हलगी गोड लागत होती, कारण तिचा त्याला काही त्रासच झाला नव्हता. बाहेरून आलेल्याला जे रंगीत दिसतं, त्यातून निसटून आलेल्याला त्याचा वास येतो. पंडिता रमाबाई आणि नारायण वामन टिळक हीच दोन माणसं घ्या. दोघं जन्माने ब्राह्मण, दोघं संस्कृतात मुरलेले, दोघांनी एकाच काळात ख्रिस्त पत्करला. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत कुटुंबाला घेऊन तीर्थातीर्थांतून हिंडले. १८७४च्या सुमाराला दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण पाठोपाठ गेली. होतं नव्हतं ते दानधर्मात आणि व्रतांत संपलं होतं. रमाबाईंना पुराणाचा रंग पुढे नकोसा वाटला, तर त्याचं कारण या मरणांत आहे. टिळकांचं उलट. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी अभंग सोडला नाही, तो ख्रिस्ताच्या पायाशी नेला. दोघांनीही शास्त्र घट्ट धरलं होतं. रमाबाई तर हिब्रू आणि ग्रीक शिकून १९२२ साली मरेपर्यंत बायबलचं भाषांतर करत होत्या. एकीच्या घरात देवाच्या दारी अन्नावाचून माणसं मेली होती, दुसऱ्याला तुकोबाने जेवू घातलं होतं. कोणाचं बरोबर, हा प्रश्न मी आजीला एकदा विचारला. आजीची आई रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली, आणि आजी स्वतः टिळकांची भजनं चुलीपुढे म्हणायची. ती म्हणाली, "दोगंबी. तू कुठून आलास त्यावर हाय."

टिळकांच्याही आधी नगरच्या मिशनमध्ये कीर्तन आलेलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ते रुजवलं. अमेरिकन मराठी मिशनने नगरला ठाणं मांडलं १८३१मध्ये; सुरुवातीची कितीतरी वर्षं उपासनेत इंग्रजी चालींवर बसवलेली गीतं म्हटली जात. मराठी गळ्याला त्या चाली कशा लागत असतील हे, माझ्या पिढीने त्यांतल्या काही ऐकल्या आहेत म्हणून, मी सांगू शकतो: शेवटची ओळ येईपर्यंत प्रत्येक जण वेगळ्या गावाला पोचलेला असे. कीर्तन आलं आणि लोक बसले. उधळ्या पुत्राचं आख्यान, योसेफाचं आख्यान, दानिएलाचं. देवळात न येणारी गावातली माणसंही चावडीपुढे येऊन बसत.

पण कीर्तन म्हणजे नुसती चाल नव्हे. त्याच्यासोबत एक सगळा आचार येतो. आरंभीचं नमन कोणाला? ते पित्याला, पुत्राला आणि पवित्र आत्म्याला. इथे वाद झाला नाही. वाद झाला तो शेवटाला. कीर्तन संपलं की बुवांच्या पाया पडायचं, ही मराठी माणसाच्या अंगात मुरलेली गोष्ट. आमच्या गावात पहिल्यांदा कीर्तन झालं तेव्हा लोक रांगेने बुवांच्या पायांवर डोकं ठेवायला निघाले आणि बुवा, जे स्वतः ख्रिस्ती कुटुंबातलेच होते, ते उठून अक्षरशः मागच्या दाराने पळाले. प्रेषितांच्या कृत्यांत तसंच आहे: लुस्त्र गावी पौल आणि बर्णबा यांना लोक देव समजून बैल आणि माळा घेऊन आले तेव्हा त्या दोघांनी आपले कपडे फाडले. कर्नेल्य पाया पडला तेव्हा पेत्राने त्याला उठवलं, मीही माणूसच आहे असं सांगून. तेव्हापासून आमच्याकडे ठरलं: टाळ चालेल, तबला चालेल, बुवांना हार चालेल, पाया पडणं नाही. ताट फिरवून पैसे गोळा करायला हरकत नाही, ते ताट ओवाळायचं मात्र नाही.

नाममुद्रेवरूनही कुरबूर झाली होती म्हणे. अभंगाच्या शेवटी कवीचं नाव येतं. टिळक 'दास' घालत. एका पंचाला ते आवडलं नाही, देवाच्या स्तुतीत माणसाने आपली सही कशाला करायची? आजोबांनी त्याला स्तोत्रसंहिता उघडून स्तोत्रांवरचे मथळे दाखवले, दाविदाचं, आसाफाचं, कोरहाच्या मुलांचं. पंच गप्प बसला. आजोबांना अशा लहान विजयांचा फार आनंद व्हायचा आणि ते ती हकीकत प्रत्येक नाताळला सांगत.

दूरची एक हकीकत इथे सांगायला हवी, जी मला घरातून नाही, वाचनातून कळली. तंजावरला सरफोजी राजांच्या, म्हणजे भोसल्यांच्या, दरबारात एक ख्रिस्ती कवी होता: वेदनायगम शास्त्री, जन्म १७७४. राजा आणि कवी दोघंही श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या हाताखाली शिकलेले. शास्त्र्यांनी तमिळमध्ये ख्रिस्ती पदं रचली, ती आजही दक्षिणेत गायली जातात. १८२०च्या दशकात नवे मिशनरी आले आणि त्यांनी झाडून सगळं साफ करायला घेतलं. शास्त्र्यांनी त्यांच्याविरुद्ध चार तक्रारी मांडल्या: जुन्या तमिळ बायबलात फेरफार करतात, लग्नाकार्यात फुलं बंद करतात, आमचं संगीत बंद करतात, आणि वरच्या-खालच्या जातींना मंडळीत एकत्र बसवतात. चौथी तक्रार वाचून मी पुस्तक मिटलं. फुलं, गाणं आणि जात या तिन्ही गोष्टी त्यांनी एकाच गाठोड्यात बांधल्या होत्या आणि सगळ्याला मिळून आपली रीत म्हटलं होतं. समोरच्या साहेबांनीही गाठोडं सोडून बघितलं नाही. त्यांना ते आख्खं बाहेर फेकायचं होतं. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३मध्ये जातिभेद मंडळीतून निघालाच पाहिजे असा हुकूम काढला. या एका गोष्टीत शास्त्र साहेबांच्या बाजूने होतं. फुलांनी मात्र कुणाचं काय बिघडवलं होतं?

आपल्या शेजारी गोव्यात तर हे कायद्यानेच झालं. फादर थॉमस स्टीफन्स यांनी साष्टीतल्या नव्या ख्रिस्ती लोकांसाठी मराठी ओव्यांत 'क्रिस्तपुराण' रचलं, ते १६१६मध्ये रायतूरला छापलं गेलं. पुराण ऐकायची सवय असलेल्यांना शास्त्रातली कथा पुराणाच्या घाटात मिळाली. त्याच भूमीत १७३६ साली इन्क्विझिशनच्या फर्मानाने ख्रिस्ती घरांतली तुळस, लग्नातल्या ओव्या, पानविडा, इतकंच काय, मिठाशिवाय शिजवलेला भातसुद्धा बंद केला. मिठाशिवायच्या भाताने कुठली आज्ञा मोडते हे मोशेलाही सांगता आलं नसतं.

गाठोडं सोडून एकेक वस्तू हातात घेऊन बघणं, हे काम खेड्यातल्या निरक्षर मंडळीला जितकं जमलं तितकं फर्मान काढणाऱ्यांना जमलं नाही, असं माझं मत आहे. पण खेड्यातल्या मंडळीलाही ते फुकट जमलं नाही.

हलगी म्हटल्यावर जाणत्या वाचकाला थोरल्या तात्यांची जात कळली असेल. आजोबांनी ती कधी उच्चारली नाही. पुढचा भाग आजीने सांगितला, आजोबा गेल्यानंतर.

आमची मंडळी महारवाड्यातून आलेली. तात्या मांगवाड्यातून आले, पहिल्या बाप्तिस्म्यांनंतर काही वर्षांनी. बाप्तिस्मा झाला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, गूळ वाटला. मग प्रभुभोजनाचा रविवार आला. एकच पेला, तो ओळीने हातोहात जायचा. त्या दिवशी कुणाच्या पोराला ताप आला, कुणाची शेळी सुटली, कुणाला बैल पाहायला जायचं आठवलं. पाळक साधे होते पण आंधळे नव्हते. त्यांच्या ध्यानात आलं की जे उठले ते सगळे ओळीत तात्यांच्या पुढचे, म्हणजे ज्यांच्याकडे पेला तात्यांच्या ओठानंतर पोचणार होता. पाळकांनी उपासना तिथेच थांबवली. गलतीकरांसच्या पत्राचा दुसरा अध्याय वाचला: पेत्र अंत्युखियात परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता, यरुशलेमेहून माणसं आल्यावर तो हळूच त्या पंगतीतून बाजूला झाला, आणि पौलाने त्याला सगळ्यांसमोर तोंडावर जाब विचारला. मग सांगितलं की ज्या दिवशी सगळे पितील त्या दिवशी पुढचं प्रभुभोजन होईल.

महिन्यांमागून महिने गेले. दर रविवारी भजनं व्हायची, उपदेश व्हायचा, मेज रिकामं. भजनं, बघा, उत्तम चालली होती. चाल देशी की विलायती हा प्रश्न कुणालाही पडत नव्हता. शेवटी आजीची सासू, माझी पणजी, एका रविवारी बायकांच्या बाजूला जाऊन तात्यांच्या बायकोच्या शेजारी, तिच्या पुढच्या जागेवर बसली आणि मोठ्याने पाळकांना म्हणाली, "भरा पेला." ती तिच्यामागून प्यायली. मग इतर. सगळे नाही, दोन घरं दुसऱ्या मंडळीत गेली, ती परत आली नाहीत. त्या माणसाला 'थोरले तात्या' म्हणायला सुरुवात त्यानंतर झाली. आणि ज्यांचे बाप त्यांच्या ओठाला भिऊन उठले होते, त्यांच्याच पोरांनी पुढे त्यांच्या कानासाठी हलगी सोडली.

याला एक पुढचा अंक आहे, तो मला आजही छळतो. १८९०च्या दशकात अमेरिकेतल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत जंतूंच्या भीतीने एका पेल्याऐवजी प्रत्येकाला वेगळा चिमुकला पेला द्यायची पद्धत निघाली. ती हळूहळू आमच्याकडेही आली, खाच पाडलेल्या तबकासकट. कारण स्वच्छतेचं आणि रास्त. आजी म्हणाली की ते तबक आलं तेव्हा काही चेहऱ्यांवर असा सुटकेचा भाव होता की तो जंतूंपासून सुटल्याचा नव्हता. शास्त्रात एक पेला आहे. त्यावरून कुणी काठी आपटली नाही, कारण तात्या तोवर गेले होते आणि तबक विलायतेहून आलं होतं.

आजी बायबल वूमन होती, म्हणजे घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायची. तिच्याकडे तक्रारी वेगळ्या यायच्या. एका घरात आजारी पोराच्या उशाखाली बायबल ठेवलं होतं, लाल फडक्यात बांधून, वर लिंबू. आजीने आधी लिंबू काढलं, मग फडकं सोडलं, मग पोराच्या आईला समोर बसवून हिज्कीया राजाची गोष्ट वाचली. रानात साप चावून मरणाऱ्यांसाठी मोशेने देवाच्याच आज्ञेने पितळेचा साप केला होता. पुढे लोक त्या सापापुढे धूप जाळायला लागले तेव्हा हिज्कीयाने तो फोडून टाकला. देवाने सांगितलेली वस्तूसुद्धा मूर्ती होऊ शकते, मग पुस्तकाचं काय घेऊन बसलात! आजीने पुस्तक उशाशीच ठेवलं, पण उघडं, आणि रोज त्यातलं वाचायला सांगितलं. लिंबाचं सरबत केलं.

दुसरी एक बाई कापणीच्या सणाला कोंबडा घेऊन आली. पीक नव्हतं, नवस होता: मुलाचा ताप उतरला तर येशूबाबाला कोंबडा. आजीने तिला समजावलं की देवाशी सौदा होत नाही. बाई शाळेत चार बुकं शिकलेली. तिने हन्नेचं नाव घेतलं. हन्नेने नवस केलाच होता की, आणि देवाने तिला शमुवेल दिला. आजी सांगायची, "माझं तोंडच बंद झालं." कोंबडा लिलावात गेला, चांगल्या भावाने. श्रीरामपूरजवळच्या हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची, म्हणजे मरीयेची, कॅथलिक यात्रा भरते तेव्हा आमचे प्रॉटेस्टंट लोक नाक मुरडतात, आणि त्यांतलेच काही गुपचूप जाऊन येतात. आजीला ते ठाऊक असे. ती नावं कधी सांगायची नाही.

आता जरा साहेबांकडे. शास्त्राची चाळणी नेहमी आमच्याच पिठाला का लागली, हे मला थोरपणी पडलेलं कोडं. अमेरिकन मराठी मिशनचे लोक न्यू इंग्लंडच्या प्युरिटन परंपरेतले. त्यांच्या पूर्वजांनी मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला होता, कारण तो सण शास्त्रात नाही; हा कायदा १६८१पर्यंत टिकला. त्यांच्याच वंशजांनी आमच्याकडे पुढे कापसाची दाढी लावलेला सांताक्लॉज आणला. शास्त्रात सांताक्लॉज शोधायला सांगा बरं कुणाला. बाकं शास्त्रात नाहीत. आमची पहिली मंडळी चटईवर बसायची, चपला दाराबाहेर. पाळकाचा काळा झगा नाही, पेटीही नाही. पेटी तर मूळची युरोपातली. फ्रान्समध्ये १८४०च्या दशकात तिचं पेटंट झालं, कलकत्त्यात ती हाताने वाजवण्याजोगी झाली, मिशनऱ्यांनी खांद्याला अडकवून खेडोपाडी नेली, आणि १९४०मध्ये आकाशवाणीने तिला परकी म्हणून बंदी घातली तोवर ती वारकऱ्यांच्या भजनात मांडी घालून बसलेली होती. म्हणून देशी-विलायती हा माप लावायचा गज मला खरा वाटत नाही. आजोबांना मी एकदा विचारलं, की तुम्ही हलगीला पुस्तकात जागा शोधली, मग सांताक्लॉजला का नाही? ते बराच वेळ धोतराचा सोगा चाळवत राहिले. मग म्हणाले, "त्याच्यापुढं कुणी डोकं टेकत नव्हतं रे." मग थोड्या वेळाने: "पण पगार साहेबच देत होता."

आजोबांची पिढी गेली. १९७०मध्ये उत्तर भारताची मंडळी झाली, आमचं देऊळ तिच्यात आलं, साहेब केव्हाच परत गेले. आता दबाव मरीआईचा नाही आणि साहेबाचाही नाही. तो पडद्यावरून येतो. शहरातल्या सभागृहांत धूर सोडणारी यंत्रं, रंगीत दिवे, अर्ध्या तासाचं एकच कडवं, आणि शेवटी तेलाच्या बाटल्या. प्रार्थना केलेलं तेल, प्रार्थना केलेला रुमाल. वचनाचा आधारही असतो: पौलाच्या अंगावरचे रुमाल आजाऱ्यांकडे नेत, हे प्रेषितांच्या कृत्यांत आहे. माझी आत्या, जी या बाबतीत आजीची खरी वारसदार आहे, अशा एका सभेतून परत येऊन म्हणाली, "पौलाच्या रुमालावर किंमत छापलेली नव्हती." तिने एक बाटली आणली होती मात्र. गुडघ्याला लावली, आणि घेतलेल्या पैशांत आयोडेक्सच्या दोन डब्या आल्या असत्या हेही तिनेच सांगितलं.

याच आत्याच्या नातीचं लग्न ठरलं तेव्हा मुलाकडचे पुण्याच्या एका नव्या संगतीतले निघाले. बैठकीत त्यांनी यादी वाचली. हळद नको, मंगळसूत्र नको, बांगड्या भरणं नको. हे सगळं शास्त्राबाहेरचं. आत्याने मान डोलावली आणि पुढची यादी मागितली. पुढच्या यादीत पांढरा गाऊन होता, तीन मजली केक होता, अंगठ्या होत्या.

"केक पुस्तकात कुठं आहे?" आत्याने विचारलं.

मुलाचे वडील सरळ माणूस. ते हसले आणि म्हणाले, "तसं बघायला गेलं तर अंगठीही नाही."

मग दोन तास एकेक वस्तू हातात घेणं झालं. मुलीच्या आईने हळदीबद्दल सांगितलं की आमच्यात ना देवक बसतं, ना कुणाला साक्ष ठेवतात. बायका गाणी म्हणतात आणि पोरगी पिवळी होते, एवढंच. मुलाच्या आईने मग कबूल केलं की तिच्या सासूच्या घरी पूर्वी खंडोबाची तळी भरायचे आणि हळद म्हटली की तिला भंडारा आठवतो. हे ऐकल्यावर आत्या एकदम गप्प झाली. हळद आमच्याकडे, आमच्या अंगणात, आदल्या दिवशी करायची आणि मुलाकडे पाठवायची नाही, असं तिनेच सुचवलं. मंगळसूत्र राहिलं, क्रुसाच्या पदकासह. ते पाळकांनी उपासनेत घालू नये, नंतर घालावं. गाऊन गेला, पांढरी पैठणी आली. केक राहिला, कारण दोन्हीकडच्या पोरांना तो हवा होता आणि त्याच्यावरून कुणाला काहीच आठवत नव्हतं.

तारखेचा प्रश्नच आला नाही. एका काकांनी पंचांगाकडे हळूच नजर टाकली होती असा मला संशय आहे, पण ते बोलले नाहीत. हॉल अर्ध्या भाड्यात मिळाला. त्या आठवड्यात मुहूर्त नव्हता.